औंधचा कारभारी आणि वॉर्साचा संन्यासी

नोव्हेंबर १९०९ मध्ये इंग्रज सरकारने औंधच्या राजाला गादीवरून उतरवलं. गोपाळकृष्णराव ऊर्फ नानासाहेब पंतप्रतिनिधी चार वर्षांपूर्वी गादीवर बसले होते. आपल्याच कारभाऱ्याच्या खुनाच्या कटात त्यांचा हात असल्याचा ठपका होता. कारभारी वाचला, राजा गेला आणि गादी चुलत्याकडे, म्हणजे भवानराव ऊर्फ बाळासाहेबांकडे आली. ज्याच्यावर हल्ला झाला त्या कारभाऱ्याचं नाव जेकब बापूजी इस्राएल. कोकणच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल समाजातला माणूस.

पुढे एकोणतीस वर्षांनी त्याच भवानरावांनी आपली राजसत्ता प्रजेच्या स्वाधीन करायचं ठरवलं. त्या वेळी त्यांच्याजवळ बसून जाहीरनाम्याचा आणि राज्यघटनेचा खर्डा करणाऱ्यांत एक भगव्या कपड्यातला गोरा माणूस होता. मॉरिस फ्रीडमन. वॉर्सा शहरातल्या गरीब ज्यू घरात जन्मलेला इंजिनिअर.

ज्यू वारसा म्हटलं की आपण बंदरांकडे पाहतो. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, मुंबईची मांडवी, कोची. तिथे सिनेगॉग आहेत, कबरस्तानं आहेत, इस्राएल आळ्या आहेत. सातारा-सांगलीच्या वाट्याला यातलं काहीच आलेलं नाही, म्हणून या जिल्ह्यांचा त्या इतिहासाशी संबंधच नाही असं आपण गृहीत धरतो. मला हे मान्य नाही. औंधची गादी भवानरावांकडे आली ती एका ज्यू कारभाऱ्यावरच्या हल्ल्यामुळे, आणि ती त्यांनी सोडली तेव्हा एक ज्यू त्यांच्या शेजारी होता. माणदेशाच्या राजकीय इतिहासातलं हे एक मोठं प्रकरण आहे आणि ते तसंच सांगायला हवं.

त्याची सुरुवात मात्र समुद्रावरच होते. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचं गलबत चौलजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. मेलेल्यांना नवगावला पुरलं आणि वाचलेले आसपासच्या गावांत पांगले. हे नेमकं कधी घडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण पुढचं चित्र स्पष्ट आहे. ही माणसं तेलाचा घाणा चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणू लागले. ती मराठी बोलू लागली, आणि पेणकर, दिवेकर, चेऊलकर, नवगावकर, किहीमकर, झिराडकर अशी राहत्या गावांची आडनावं त्यांना लागली. हिब्रू विसरली होती, तरी सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढं त्यांनी जपलं. एलियाहू नबीच्या नावाने मलिदा करायची त्यांची रीत तर खास कोकणचीच.

अठराव्या शतकात मुंबई बंदर वाढलं तसा हा समाज खाडी ओलांडून तिकडे गेला. कंपनीच्या पलटणीत या लोकांना मान मिळाला. अनेक जण देशी अधिकाऱ्यांच्या वरच्या हुद्द्यांपर्यंत पोचले. त्यांतलेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, मराठीत समाजी हसाजी. टिपूविरुद्धच्या लढाईत ते कैद झाले, सुटले, आणि १७९६ मध्ये त्यांनी मांडवीत ‘शाआर हारहमीम’ म्हणजे दयेचं द्वार हे मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभारलं. त्या भागातल्या सॅम्युएल स्ट्रीटला नाव त्यांचंच. पुढे रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण इथे सिनेगॉग उभी राहिली. अलिबागचं मागेन आबोथ १८४८ चं. पुण्यात १८७४ साली पेसाहच्या सणात वाचायची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह छापली गेली, तीही विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी तोराहमधल्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू केली. पदं, आर्या, साकी, दिंडी, सगळा थाट हरिकीर्तनाचा आणि आख्यान मात्र अब्राहमाचं किंवा योसेफाचं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पलटणींची भरती जातवार होऊ लागली आणि या छोट्या समाजाला तिथे वरचा रस्ता उरला नाही. मग इंग्रजी शिकलेली पोरं सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेत, दवाखान्यांत आणि बांधकाम खात्यात शिरली, आणि त्या नोकऱ्यांमागे घाट चढून देशावर आली. जेकब बापूजी याच शिकलेल्या थरातले. त्यांच्याच वर्घरकर घराण्यातले शालोम बापूजी १८९१ ते १८९६ जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचे कारभारी होते. मुसलमान नवाबाच्या दरबारात ज्यू कारभारी, मग ब्राह्मण पंतप्रतिनिधींच्या दरबारात ज्यू कारभारी. इंग्रज सरकारला असे लोक संस्थानांत बरे वाटत असावेत. स्थानिक भाऊबंदकीत ज्याचा कुणी सोयरा नाही, त्याचा हिशेब चोख राहतो. पण सोयरा नसणं म्हणजे पाठीशी कुणी नसणंही असतं, आणि जेकब बापूजींच्या जिवावर बेतलं ते अशाच जागी.

आता औंध म्हणजे काय होतं ते पाहू, कारण त्याच्या आकारामुळे पुढचं सगळं शक्य झालं. सगळं मिळून पाचशे चौरस मैलांच्या आसपास मुलूख, बहात्तर गावं, वस्ती पाऊण लाखाच्या घरात. तोही मुलूख सलग नाही. राजधानीचं औंध साताऱ्याच्या खटाव तालुक्यात, डोंगरावर यमाईचं मूळपीठ आणि खाली वाडा. आटपाडीचा दुष्काळी पट्टा आणि कुंडल हे आज सांगली जिल्ह्यात आहेत. गुणदाळचा तुकडा पार विजापूरकडे. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायचं तर परक्या हद्दीतून जावं लागे. आटपाडीकडे पाऊस कमी, मेंढरं फार, आणि पोटासाठी माणसं सदाची बाहेर. ‘बनगरवाडी’ ज्यांनी वाचली आहे त्यांना हा मुलूख आणि त्यातले पंतसरकार अनोळखी नाहीत.

अशा राज्याच्या गादीवर १९०९ च्या अखेरीस भवानराव आले. वय चाळिशी ओलांडलेलं, डेक्कन कॉलेजातून पदवी घेतलेली, वडिलांच्या हाताखाली दफ्तराचं काम केलेलं. गादी आपल्याकडे येईल असं वाटण्याचं त्यांना कारणच नव्हतं. वडिलांमागून थोरले भाऊ, मग त्यांचा मुलगा, अशी ती गेली होती. ती यांच्याकडे वळली ती जेकब बापूजी प्रकरणामुळे. इतिहासात जर-तरला अर्थ नसतो असं म्हणतात, पण इथे दोन गोष्टी नोंदवल्याशिवाय राहवत नाही. पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, बेळगावहून जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना भवानरावांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचं माळरान दिलं आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९१८ मध्ये पंडित सातवळेकरांना त्यांनी औंधला आश्रय दिला आणि वेदांच्या संहिता तिथून छापून निघू लागल्या. सूर्यनमस्कारांचा प्रचार, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला दिलेली मदत, औंधचं चित्रसंग्रहालय, हे सगळं याच राजाचं. तो स्वतः चित्रं काढी आणि कीर्तनही करी. नानासाहेबच गादीवर राहिले असते तर यातलं किती घडलं असतं, हा प्रश्न मला सोडत नाही.

जेकब बापूजी पुढे आपल्या समाजाच्या सार्वजनिक कामात पडले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या वर्षांत बेने इस्राएलांमध्ये दोन मतं होती. एक गट म्हणे, आपण मूठभर आहोत, राजकारणापासून लांब राहावं, सरकारशी चांगलं ठेवावं. दुसरा गट म्हणे, आपण या देशाचे आहोत, तेव्हा देशाच्या राजकारणाशीही आपलं नातं असावं. या दुसऱ्या मताचे पुढारी डेव्हिड एरुळकर. हे बॅरिस्टर १९१६ च्या राजद्रोहाच्या खटल्यात जीनांच्या बरोबर टिळकांच्या बाजूने उभे होते. अखिल भारतीय इस्राएलाइट लीगच्या उभारणीत एरुळकरांच्या जोडीने जेकब बापूजींचं नाव येतं. ज्या सरकारने आपल्यावरच्या हल्ल्यापायी एका राजाची गादी काढून घेतली, त्या सरकारचा बांधील होऊन न राहता हा माणूस या बाजूला आला, याचं मला कौतुक वाटतं.

मॉरिस फ्रीडमन यांचा रस्ता अगदी वेगळा होता. जन्म १९०१ चा, वॉर्सातला. तेव्हा ते शहर रशियन झारच्या अमलाखाली होतं. घर गरिबीचं, शिक्षण आधी धर्माचं आणि मग विजेच्या इंजिनिअरिंगचं. पुढे पॅरिसला नोकरी. तिथे पुस्तकांतून वेदान्त भेटला, जे. कृष्णमूर्ती भेटले. १९३५ च्या सुमारास म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या बोलावण्यावरून ते बंगळुरूच्या सरकारी विजेच्या कारखान्यात आले. तिथून रमण महर्षींचा अरुणाचल डोंगर लांब नव्हता. ते महर्षींकडे जाऊ लागले. कान्हनगडच्या स्वामी रामदासांकडून त्यांनी संन्यास घेतला आणि भारतानंद झाले. मुंडण केलेलं डोकं, भगवे कपडे, आणि तसंच कारखान्याचं कामही. हा संन्यासी गांधीजींकडेही गेला आणि आपली इंजिनिअरिंगची बुद्धी त्याने चरख्याला लावली. धनुष टकळी हे सूत कातायचं सुटसुटीत साधन त्यांचं. बायाबापड्यांना घरच्या घरी करता यावं, मोडलं तर गावच्या सुताराला नीट करता यावं, हा विचार त्यामागे होता. पुढे औंधच्या घटनेतही मला हाच विचार दिसतो.

भवानरावांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत विलायतेहून ऑक्सफर्डची पदवी आणि बॅरिस्टरी घेऊन परतले होते. त्यांची आणि फ्रीडमन यांची ओळख झाली आणि ती जन्मभर टिकली. फ्रीडमन औंधला आले ते राहायलाच आले. गावोगाव हिंडले, चावडीवर बसले, धान्य कसं पिकतं, कर्ज कसं चढतं, तंटे कसे होतात ते ऐकलं. १९३८ च्या त्या काळात संस्थानांतली प्रजा जागी झाली होती. राजकोट, म्हैसूर, त्रावणकोर सगळीकडे प्रजामंडळं आणि दरबार यांचे झगडे चालू होते, आणि राजेलोक इंग्रज रेसिडेंटाच्या आडोशाला उभे होते. औंधला मात्र सत्तरीतल्या राजानेच पुढाकार घेतला. नोव्हेंबर १९३८ मध्ये भवानरावांनी जाहीर केलं की संस्थानात पूर्ण जबाबदार राज्यपद्धती येईल. हा जाहीरनामा राजा, त्याचा मुलगा आणि फ्रीडमन अशा तिघांच्या बैठकीतून निघाला.

मग तिघांचं काम गांधीजींकडे गेलं. गांधीजींनी खर्डा नुसता वाचून परत केला नाही, त्याचा पायाच बदलला. वरून खाली येणारी विधानसभा नको, गाव हाच मूळ घटक. गावाने पाच पंच निवडायचे, पंचांतून तालुका समिती आणि तिथून मध्यवर्ती सभा. गावचे तंटे गावातच मिटावेत, न्यायासाठी कुणब्याला भाकरी बांधून लांबच्या कोर्टात जावं लागू नये. महसुलाचा मोठा वाटा गावाच्या हाती राहावा. राजाने स्वतःच्या खर्चाला मर्यादा घालावी आणि प्रजेचा पहिला सेवक म्हणून राहावं. मताचा हक्क लिहिता-वाचता येणाऱ्यालाच, हा गांधीजींचा आग्रहही त्यात आला. तो मला आजही टोचतो. निरक्षर मेंढपाळाला आपलं भलं कळत नाही असं कोण म्हणेल? पण त्याचा एक परिणाम असा झाला की गावोगाव मोठ्या माणसांना अक्षरओळख करून देण्याची घाई उठली. २१ जानेवारी १९३९ रोजी घटना लागू झाली. आप्पासाहेब त्या राज्याचे मुख्य प्रधान झाले, आणि गांधीजींनी त्यांना खेड्यात राहून काम करण्याचं बंधन घातलं.

फ्रीडमन यांचं नाव घटनेच्या कागदावर मोठ्या अक्षरांत नाही. त्यांना ते नकोच होतं. आपलं नाव मागे ठेवण्याची त्यांची सवय इतकी पक्की होती की त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांना दुसऱ्यांच्या आठवणींतून त्यांना शोधावं लागतं. आप्पासाहेबांनी पुढे भरभरून लिहिलं, म्हणून एवढं तरी आपल्याला ठाऊक आहे.

त्याच १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. जन्मठेपेच्या आणि मोठ्या शिक्षांच्या कैद्यांना भिंतीआड कोंडण्याऐवजी माळावर जमीन द्यायची, बायकापोरांना बरोबर राहू द्यायचं, शेती करायला लावायची. कुलूप नाही, कोट नाही. या कल्पनेमागेही आप्पासाहेब आणि फ्रीडमन होते. आटपाडीच्या माळावर पाणी लागायचं म्हणजे काय ते तिथल्या माणसालाच ठाऊक. खून करून आलेल्या माणसांनी त्या खडकाळ जमिनीत विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला पिकवला. जवळच्याच शेटफळ्यात जन्मलेल्या आणि याच संस्थानात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या वसाहतीवरून कथा लिहिली, आणि व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ मध्ये पडद्यावर आला. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. सिनेमा सगळ्यांना माहीत आहे. पण त्या कथेच्या मुळाशी वॉर्साचा एक ज्यू आहे, हे आटपाडीत तरी शाळेच्या पोरांना सांगायला हवं. स्वतंत्रपूरची वसाहत राज्याच्या कारागृह विभागाखाली आजही चालू आहे.

याच वर्षांत फ्रीडमन यांच्या गावात काय चाललं होतं? सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनांनी पोलंड घेतला. नोव्हेंबर १९४० मध्ये वॉर्सातल्या ज्यूंना भिंत घालून एका वस्तीत कोंडलं. १९४२ च्या उन्हाळ्यात तिथून अडीच लाखांहून जास्त माणसं त्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत नेऊन मारली. एप्रिल १९४३ मध्ये उरलेल्यांनी हातात येईल ते घेऊन बंड केलं आणि जर्मनांनी ती वस्ती जाळून सपाट केली. ज्या शहरात मॉरिस नावाचा मुलगा तल्मूद शिकला ते असं संपत होतं, आणि तेव्हा त्याच्या विचारांतून उभ्या राहिलेल्या माळावरच्या वसाहतीत खुनी ठरलेली माणसं बिनभिंतीची राहत होती. या दोन गोष्टी एकाच पानावर लिहिताना हात थांबतो.

पोलंडच्या युद्धाची झळ या मुलखालाही लागली. सायबेरियातून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांतले बहुतेक सगळे कॅथलिक, बायका आणि मुलं जास्त. फ्रीडमन यांची मैत्रीण वांडा दिनोवस्का, म्हणजे गांधीजींच्या उमादेवी, त्या मुलांना हा देश समजावून सांगत असत.

इकडे साताऱ्यात १९४२ चं वादळ उठलं होतं. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं आणि त्याचा एक मोठा आधार होता कुंडल. कुंडल औंधच्या हद्दीत असल्याचा भूमिगतांना फायदा झाला. इंग्रजी पोलिसांना तिथे मनाप्रमाणे घुसता येत नसे आणि औंधचा दरबार त्यांना मदत करायला उत्सुक नव्हता. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वेचा खजिना लुटणाऱ्या, प्रतिसरकारच्या तुफान सेनेतले जी. डी. बापू लाड कुंडलचेच. प्रतिसरकारने गावोगाव न्यायनिवाडे केले, गावसभा चालवल्या. औंधच्या गावांतल्या लोकांना तोवर आपले पंच आपण निवडण्याची तीन-चार वर्षांची सवय झाली होती. प्रतिसरकारची गावसभा औंधच्या पंचायतीतून निघाली असं मी म्हणत नाही. नाना पाटलांच्या माणसांचं श्रेय त्यांचंच. पण ज्या जमिनीत ते रुजलं ती अगदी कोरी नव्हती, एवढं मला दिसतं.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई इलाख्यात विलीन झालं. पंचायतींचा हा प्रयोग नऊ वर्षं चालला आणि नव्या राज्याच्या रचनेत विरून गेला. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, पुढे त्यालाच सांगली नाव मिळालं, आणि औंध संस्थान वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या फायलींत वाटलं गेलं. भवानराव १९५१ मध्ये वारले. आप्पासाहेब परराष्ट्र सेवेत गेले, आफ्रिकेत आणि सिक्कीममध्ये राहिले. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित आले तेव्हा ते, फ्रीडमन आणि उमादेवी हे तिघे पुन्हा एकाच कामात होते.

बेने इस्राएलांनीही याच काळात बोटी धरल्या. १९४८ च्या सुमाराला वीस हजारांच्या वर असलेला हा समाज बहुतांशी इस्राएलला गेला. तिथे काही रब्बींनी त्यांच्या ज्यू असण्याविषयीच शंका काढली आणि १९६४ मध्ये इस्राएल सरकारने त्यांना बरोबरीचे ज्यू म्हणून मान्य करेपर्यंत त्यांना झगडावं लागलं. पिढ्यानपिढ्या शनिवारचा घाणा बंद ठेवलेल्या माणसांना हे ऐकावं लागलं. त्यांचं ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक मात्र तिकडे निघालं.

फ्रीडमन गेले नाहीत. इथेच राहिले, मुंबईत. म्हातारपणी त्यांना खेतवाडीच्या एका माडीवर निसर्गदत्त महाराज भेटले. एके काळी विड्यांचं दुकान चालवलेला हा गृहस्थ माणूस मराठीतून बोलायचा, आणि ऐकायला देशोदेशीची माणसं यायची. महाराजांची गुरुपरंपरा सिद्धरामेश्वर महाराजांवरून भाऊसाहेब महाराज उमदीकरांपर्यंत जाते, आणि उमदी हे सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातलं गाव. औंधच्या मुलखात चावडीवर बसून जी भाषा फ्रीडमन यांच्या कानावर पडली होती, त्याच भाषेतले हे संवाद त्यांनी ध्वनिफितींवरून ऐकून इंग्रजीत उतरवले. १९७३ मध्ये ‘आय ॲम दॅट’ हे पुस्तक निघालं आणि पुढे जगातल्या कितीतरी भाषांत गेलं. मुखपृष्ठावर नाव निसर्गदत्त महाराजांचं, आणि फ्रीडमन आतल्या पानावर भाषांतरकार म्हणून.